ऑनलाइन पोकरमध्ये लक्ष कसं टिकवायचं, आणि मध्येच कॅमेरा कशाला? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी न्यू जर्सीत एडिसनला राहते, मूळची सांगलीची. दिवसा सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी, आठवड्यातून तीनदा संध्याकाळी ऑनलाइन पोकर, आणि शनिवारी पहाटे कॅमेरा घेऊन पक्ष्यांच्या मागे. पोकर सहा वर्षं झाली चालू आहे, कॅमेरा त्यानंतर आला. गणपतीला, दिवाळीला, कुणाच्या बारशाला भेटलो की तेच तेच प्रश्न येतात, आणि जेवणाच्या रांगेत उभं राहून नीट उत्तर देता येत नाही, म्हणून एकदा सगळं बसून लिहिलंय.

हे कायदेशीर आहे का मुळात?

न्यू जर्सीत हो. इथे नोव्हेंबर २०१३ पासून ऑनलाइन पोकर आणि कसिनो लायसन्सवर चालतात, वय किमान २१ लागतं, आणि खेळताना तुम्ही प्रत्यक्ष राज्याच्या हद्दीत आहात का हे सॉफ्टवेअर सतत तपासत असतं, नदी ओलांडून न्यूयॉर्कला गेलात की टेबल बंद. नेवाडा, डेलावेअर, मिशिगन, पेनसिल्वेनिया यांच्याशी करार आहे त्यामुळे काही साइट्सवर त्या राज्यांतले खेळाडू एकाच टेबलावर येतात. बाकी राज्यांत राहणाऱ्यांनी आपल्या राज्याचा कायदा आधी बघा.

ताई, भारतातून खेळता येईल का? व्हीपीएन लावून?

हा प्रश्न माझ्या मामेभावाचा, आणि त्याला जे सांगितलं तेच इथे सांगते: नको. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली, आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा जुना वाद त्या कायद्याने बाजूला ठेवलाय, दोन्ही त्यात आले. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. शिक्षा खेळणाऱ्याला नाही, चालवणाऱ्याला आहे, हे खरं, पण म्हणून कुठल्यातरी परदेशी साइटवर पैसे टाकून बसायचं आणि उद्या ते अडकले तर तक्रार कुणाकडे करणार? शिकायचं असेल तर बिनपैशाच्या चिप्सवर खेळा, घरी चार जण जमवून पानं वाटा. गोव्यात मांडवीतल्या कसिनोंमध्ये प्रत्यक्ष टेबलावर पोकर असतो ती वेगळी गोष्ट, तिथले नियम वेगळे.

पोकर म्हणजे आपली तीन पत्तीच ना?

चुलत बहीण म्हणा. ब्लाइंड हा शब्द दोन्हीकडे आहे पण अर्थ वेगळा, तीन पत्तीत पानं न बघता खेळणं म्हणजे ब्लाइंड, पोकरमध्ये डाव सुरू व्हायच्या आधी दोघांनी सक्तीने टाकायची रक्कम म्हणजे ब्लाइंड. आणि एक मोठा फरक ज्यात आपली माणसं हमखास फसतात: तीन पत्तीत सिक्वेन्स हा कलरपेक्षा मोठा, पोकरमध्ये कलर म्हणजे फ्लश मोठा. कारण साधं मोजणीचं आहे, तीन पानांत सिक्वेन्स दुर्मिळ असतो, पाच पानांत उलटं होतं, ५२ पानांच्या कॅटमधून साधे स्ट्रेट म्हणजे सिक्वेन्स १०,२०० प्रकारे येतात आणि साधे फ्लश ५,१०८ प्रकारे. दिवाळीत लहानपणापासून खेळलेलं हातात इतकं बसलेलं असतं की लक्ष जरा सरकलं की जुनाच क्रम डोक्यात चालू होतो. मी पहिल्या वर्षी बोर्डावर, म्हणजे सगळ्यांसाठी मध्ये उघडलेल्या पानांत, चार बदाम दिसत असताना स्ट्रेट घेऊन सगळे पैसे पुढे ढकलले होते. नियम मला पाठ होता, विचारलं असतं तर झोपेतही सांगितला असता. त्या क्षणी तो डोक्यात नव्हता इतकंच. लक्ष या विषयाकडे मी गांभीर्याने बघायला लागले ते त्या डावापासून.

लक्ष नक्की जातं कुठे? समोर पैसे असताना कंटाळा कसा येतो?

येतो, कारण पोकर हा बहुतेक वेळ पानं टाकून द्यायचा खेळ आहे. सहा जणांच्या टेबलावर बरा खेळणारा माणूस शंभरातले साधारण पंचवीस डाव खेळतो, उरलेल्या पंच्याहत्तरांत फोल्ड. दोन एक्के हातात यायची शक्यता २२१ मध्ये एकदा, कुठलीही जोडी यायची १७ मध्ये एकदा, आणि जोडी आली तरी फ्लॉपवर, म्हणजे मध्ये उघडणाऱ्या पहिल्या तीन पानांत, तिसरं तसंच पान मिळायचं साडेआठात एकदा. म्हणजे तुम्ही बसलात आणि समोर काही घडतच नाहीये असं तासन् तास होऊ शकतं, आणि नेमकं त्याच वेळी हात फोनकडे जातो, दुसरी टॅब उघडते, कुणीतरी व्हॉट्सॲपवर लग्नाचे फोटो टाकलेले असतात.

आता गंमत अशी की माहिती सगळी त्याच पंच्याहत्तर डावांत असते. तुम्ही डावात नाही, तुमचं काही पणाला लागलेलं नाही, आणि समोरचे दोघं शेवटपर्यंत जाऊन पानं उघडी करतात. याने गुलाम-दहा घेऊन पहिल्या जागेवरून रेज केलं होतं म्हणजे रक्कम वाढवली होती, त्याने राणीची जोडी असून नुसता कॉल केला होता म्हणजे तेवढीच रक्कम टाकली होती, हे फुकट दिसतं, बघणाऱ्याला. तासाभराने तोच माणूस तुमच्यावर मोठी बेट लावतो तेव्हा तुमच्याकडे काहीतरी असतं किंवा काहीच नसतं. माझ्या मते लक्ष टिकवणं म्हणजे फोल्ड केल्यावर बघत राहणं, एवढंच. मोठ्या डावात लक्ष सगळ्यांचंच असतं.

लक्ष उडालंय हे कळतं कसं?

मला तीन गोष्टींवरून कळतं. शेवटची उघडी झालेली पानं कुणाची आणि कोणती होती हे आठवत नाही. दुसरं, मी माझी दोन्ही पानं बघायच्या आधीच बोट फोल्डवर असतं. आणि तिसरी सगळ्यात वाईट खूण म्हणजे खात्यात किती शिल्लक आहे ते बघायला मी वरच्या कोपऱ्यात नजर टाकते, कारण शिल्लक बघणारी बाई डाव खेळत नसते, हिशोब करत असते. म्हणून मी टेबलावरचे आकडे डॉलरऐवजी बिग ब्लाइंडमध्ये (त्या दोन सक्तीच्या रकमांतली मोठी) दिसतील असं सेटिंग ठेवलंय, बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये ते असतं, आजच करून बघा.

एका वेळी किती टेबलं लावता?

दोन. पूर्वी चार लावायचे. ऑनलाइन एका टेबलावर तासाला साधारण ७०-८० डाव होतात, समोरासमोर बसून खेळताना २५-३०, म्हणजे चार टेबलांवर तासाला तीनशे डाव आणि दर बारा सेकंदाला नवीन पानं. खेळायचं की टाकायचं एवढा निर्णय होतो पण माणसं दिसत नाहीत, सगळे नुसते आयकॉन वाटायला लागतात. व्यवसाय म्हणून खेळणारे आठ-बारा टेबलं लावतात, त्यांचा अभ्यास तेवढा असतो, आपला नाही. दोन टेबलांवर कंटाळा येतोय म्हणून तिसरं उघडावंसं वाटलं तर मी त्या दिवशी उठते.

फोन?

दुसऱ्या खोलीत. सायलेंट करून उपयोग नाही, दुसऱ्या खोलीत.

पण यात कॅमेरा कुठून आला?

२०२१ च्या हिवाळ्यात नवऱ्याच्या मित्राने आम्हाला फोरसाइथला नेलं, ॲटलांटिक सिटीच्या जरा वर खाडीकाठी पक्ष्यांसाठी राखीव ठेवलेली मोठी दलदल आहे, तिच्यातून आठ मैलांचा कच्चा रस्ता गोल फिरतो. थंडी अशी की दार उघडवेना. आणि समोर हजारो स्नो गूज, पांढरेशुभ्र, पंखांची टोकं काळी, सगळा थवा जमिनीवर कलकलाट करत बसलेला, आणि त्यांच्या मागे पाण्यापलीकडे क्षितिजावर ॲटलांटिक सिटीच्या कसिनोंच्या इमारती उभ्या. मला ते दृश्य अजून विसरता येत नाही. आदल्या रात्री मी अडीचपर्यंत खेळून हरले होते, डोळे जळत होते, आणि अचानक वरून एक गरुड गेला आणि तो सगळा थवा एकदम उठला, आवाज छातीत जाणवेल असा. माझ्याकडे फोन होता, तो काढेपर्यंत संपलं.

परत येताना गाडीत मी एकच विचार करत होते की तो गरुड तर आधीपासून दिसत होता, डावीकडे झाडावर बसला होता, मी बघितला होता, आणि तरी मला कळलं नाही की आता काय होणार आहे. हे अगदी पोकर होतं. दोन महिन्यांनी जुना सेकंडहँड कॅमेरा आणि १५०-६०० मिलीमीटरची लांबचं टिपणारी लेन्स घेतली.

मग फोटोग्राफीने खेळ सुधारला का? खरं सांगा.

खरं सांगते, पानं काही चांगली यायला लागली नाहीत. पण एक गोष्ट बदलली आणि ती मला फार महत्त्वाची वाटते.

पोकरमध्ये निकाल खोटं बोलतो. तुम्ही एक्क्यांची जोडी घेऊन सगळे पैसे टाकले, समोर राजांची जोडी, तुम्ही ८२ टक्के वेळा जिंकणार, पण उरलेल्या १८ टक्क्यांतला दिवस आज असेल तर तुम्ही बरोबर खेळून हरता. उलट मूर्खासारखा कॉल करून शेवटच्या पानावर जिंकता आणि मनाला वाटतं बघा कसं ओळखलं. हे वर्षभर होत राहिलं की चूक आणि बरोबर यातला फरकच पुसट होतो, आणि मग लक्ष द्यायचं कशाकडे हेच कळेनासं होतं, कारण लक्ष दिलं तरी हरतो आणि नाही दिलं तरी कधी कधी जिंकतो.

कॅमेरा असं करत नाही. बगळ्याचा पंख धुरकट आलाय, बघा, शटर १/५०० सेकंदाचं होतं, १/२००० हवं होतं. पांढरा पक्षी जळून गेलाय, पिसांचा तपशीलच नाही, मागे काळं पाणी होतं आणि मी एक्स्पोजर कमी केलं नाही. फोकस डोळ्याऐवजी शेपटीवर. चूक तिथे आकड्यांत लिहिलेली असते आणि ती माझीच असते. नशीब इथेही असतंच, पक्षी आलाच नाही तर काय करणार, पण आलेल्या पक्ष्याचा फोटो का बिघडला याचं उत्तर मिळतं. आठवड्यातून एक सकाळ असं खरं उत्तर देणाऱ्या कामात घालवली की सोमवारी टेबलावर बसताना मी निकालावर कमी चिडते आणि निर्णयाकडे जास्त बघते. मला यातूनच फायदा झाला असं वाटतं, बाकी वाट बघायची सवय वगैरे लोक म्हणतात ते पण आहे, पण ते दुय्यम.

टिल्ट आला की काय करता?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, टिल्ट म्हणजे डोकं फिरून खेळायला लागणं, शब्द पिनबॉल मशीनवरून आलाय, मशीन जास्त हलवलं की ते बंद पडायचं आणि टिल्ट असं दाखवायचं.

माझा नियम दोन बाय-इनचा, बाय-इन म्हणजे टेबलावर बसताना घेऊन बसायची रक्कम. त्या दिवशी दोन बाय-इन गेले की लॅपटॉप बंद, कसे गेले, कुणामुळे गेले, काहीही कारण चालत नाही. हा नियम शांत असताना केलेला आहे आणि चिडल्यावर तो बदलायचा अधिकार मी स्वतःला दिलेला नाही. लोकांना वाटतं टिल्ट म्हणजे रागच, पण माझा टिल्ट तसा नसतो, माझा म्हणजे घाई. आवाज चढत नाही, काही नाही, फक्त बटणं पटापट दाबली जातात. म्हणून प्रत्येक मोठ्या निर्णयाआधी मी मनात समोरच्याने आधी काय काय केलं ते क्रमाने म्हणते, प्री-फ्लॉप कॉल, फ्लॉपवर चेक म्हणजे काही न लावता पुढे, टर्नवर म्हणजे चौथ्या पानावर अचानक मोठी बेट. पाच-सात सेकंद जातात, वेळ असतो तेवढा. मराठीत म्हणते, का कुणास ठाऊक, इंग्रजीत म्हटलं की नुसतं वाचल्यासारखं होतं.

उठल्यावर काय करायचं हे पण ठरलेलं पाहिजे, नाहीतर माणूस पाणी पिऊन परत येऊन बसतो. मी गेल्या शनिवारचे फोटो निवडायला घेते. नऊशे काढलेले असतात, त्यातले दहा-बारा ठेवायचे असतात, ते संपेपर्यंत झोप आलेली असते.

एका बैठकीला किती वेळ?

नव्वद मिनिटं, मध्ये एकदा उठून. टूर्नामेंट असेल तर ते आपल्या हातात नसतं, चार-पाच तास जाऊ शकतात, पण बहुतेक साइट्सवर दर तासाला पाच मिनिटांची सुट्टी असते. त्या पाच मिनिटांत स्क्रीन बघायची नाही. डोळ्यांचे डॉक्टर जो वीस-वीस-वीसचा नियम सांगतात, दर वीस मिनिटांनी वीस फुटांवर वीस सेकंद बघायचं, तो मी रविवारी दुपारी खेळताना खिडकीतून पाळते, बाहेर दाण्यांचा फीडर टांगलाय त्यावर गोल्डफिंच येतात, पिवळेधमक, न्यू जर्सीचा राज्यपक्षी आहे तो.

खाणं, कॉफी, झोप?

जड जेवून बसू नका, भात तर नकोच. कॉफी संध्याकाळी सहानंतर नाही. आणि सहा तासांपेक्षा कमी झोप झाली असेल तर मी खेळतच नाही, याला अपवाद नाही.

पैशाचं गणित कसं ठेवता?

घरखर्चाच्या खात्यातून एक डॉलरही नाही, हे आधी. मी ५० डॉलरच्या बाय-इनवर खेळते आणि त्यासाठी असे पन्नास बाय-इन, म्हणजे २,५०० डॉलर वेगळे ठेवलेत. ते संपले तर कमी रकमेच्या टेबलावर, नाहीतर बंद. हे लक्षाशी कसं जोडलंय विचाराल तर, जो पैसा गेल्याने घरात काही अडणार आहे तो टेबलावर असेल तर तुम्ही पानांकडे बघूच शकत नाही.

आणि चढ-उतार किती असतात हे समजून घ्या, कारण लोक पंधरा दिवस हरले की सगळी पद्धतच बदलतात. समजा एखादा खरंच चांगला खेळतो, दर शंभर डावांत सरासरी पाच बिग ब्लाइंड जिंकतो, आणि चढ-उतार नेहमीइतका म्हणजे शंभर डावांमागे नव्वदेक बिग ब्लाइंड धरला. तरी दहा हजार डावांनंतर तो तोट्यात असायची शक्यता चारात एकपेक्षा जास्त आहे. दहा हजार डाव म्हणजे माझ्या वेगाने सहासष्ट तास, साधारण साडेतीन महिने. साडेतीन महिने बरोबर खेळून तोटा. एक लाख डावांनंतर ती शक्यता चार टक्क्यांवर येते. त्यात साइट प्रत्येक डावात जमलेल्या रकमेतून आपला वाटा, म्हणजे रेक, कापते, त्यामुळे सगळे सारखेच खेळले तर सगळेच हळूहळू हरणार, बहुतेक माणसं या खेळात हरतातच हे स्पष्ट सांगायला हवं. मी गेली दोन वर्षं थोडी वर आहे, पण पगार सोडावा असं काही नाही.

अमेरिकेतल्यांसाठी अजून एक. जिंकलेल्यावर टॅक्स आहे, आणि २०२६ पासून हरलेल्या रकमेतली फक्त ९० टक्केच वजा धरता येते, म्हणजे वर्षात दहा हजार जिंकले आणि दहा हजार हरले तरी कागदावर हजार डॉलर उत्पन्न दिसू शकतं. वही ठेवा, टॅक्सवाल्याला विचारा.

घरच्यांना हे व्यसन वाटत नाही का?

आईला वाटतं, आणि तिचं चूक नाही. सांगलीत आमच्या गल्लीत पत्त्यांपायी घर विकलेला माणूस तिने बघितलाय. मी तिला दर दिवाळीला फोनवर वही वाचून दाखवते, किती तास, किती पैसे. नवऱ्याला खात्याचा पासवर्ड माहीत आहे. लायसन्सवाल्या साइटवर पैसे भरायची आणि वेळेची मर्यादा घालता येते, ती पहिल्याच दिवशी घाला. लपवून खेळावंसं वाटलं, गेलेले पैसे परत मिळवायलाच बसलो असं झालं, कुणाकडे उसने मागितले, तर हे लक्षाचं काम राहिलेलं नाही, थांबा आणि मदत घ्या. इथे १-८००-गॅम्बलर या नंबरवर चोवीस तास बोलता येतं, आणि स्वतःचं नाव सरकारी यादीत घालून सगळ्या साइट्सवरून स्वतःला किमान वर्षभर बंद करून घेता येतं. माझ्या ओळखीच्या एकाने ते केलं, मला त्याच्याबद्दल फार आदर आहे.

पोकरच्या पैशातून लेन्स घेतली का?

नाही, पगारातून. मुद्दाम. लेन्स जिंकलेल्या पैशातून घेतली असती तर प्रत्येक फोटोला एक डाव चिकटला असता. म्हणूनच मी फोटो विकतही नाही, दोन जणांनी विचारलं होतं. ती एक जागा मला पैशाशिवायची हवी आहे.

कुठला कॅमेरा घेऊ?

आहे तो. उडत्या पक्ष्यांसाठी ४०० मिलीमीटरच्या पुढची लेन्स लागते, ती सेकंडहँड बघा. पहिले सहा महिने बटण दाबून धरून सेकंदाला वीस फोटो काढू नका, एकेक काढा, मानेची दिशा, वारा, पाय आखडले का हे बघून. वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून उठतात ते, एवढं कळलं तरी अर्धं काम झालं.

फोरसाइथला कधी जायचं?

स्नो गूजसाठी नोव्हेंबर अखेर ते फेब्रुवारी, एडिसनहून पार्कवेने दीड तासाच्या आसपास. पहाटे निघा, सूर्य पाठीशी राहील असं बघा, गाडीतूनच फोटो काढा कारण गाडीला पक्षी फारसे घाबरत नाहीत, माणूस उतरला की उडतात. थर्मासमध्ये चहा न्या, तिथे काही मिळत नाही. मे महिन्यात छोटे किनारपक्षी येतात ते पण सुंदर. जुलै-ऑगस्टमध्ये हिरव्या डोळ्यांच्या माशा चावतात, रक्त काढतात अक्षरशः, तेव्हा गेलात तर काचा खाली करू नका.